गाळावर अंथरलेले पट्टे

चिंचोळी एमआयडीसीतल्या दादाच्या शेडमध्ये ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सरळ हसले. हिरव्या जाड प्लास्टिकचा एक भलामोठा टप, दोन्ही बाजूंना चार-चार फुगीर चाकं, आत बसायला दोन बाकडी आणि पुढं मोटारसायकलसारखी दांडी. जत्रेतल्या चक्रातून एखादी गाडी सुटून इथवर गडगडत आली असावी असं ते ध्यान होतं.

"ही पाण्यात तरंगते आणि जमिनीवर चालते," दादा म्हणाला.

"बेडूकही तेच करतो," मी म्हटलं. "त्याला कुणी शेडमध्ये आणून ठेवत नाही."

दादा माझा थोरला भाऊ. माझ्या तोंडाची त्याला लहानपणापासून सवय आहे, त्यामुळे तो नुसता हसला. त्याचं काम उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बांधायचं, मोडले की दुरुस्त करायचं. मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवते. शिलाई मशीन सोडलं तर कुठल्याच यंत्राचं मला कौतुक नाही, आणि पुरुष माणसं इंजिनाभोवती कोंडाळं करून तासन्‌तास काय बघतात हे मला आजवर कळलेलं नव्हतं.

गाडी होती उजनीच्या फुगवट्यावर मासेमारीचा ठेका घेणाऱ्या एका माणसाची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि मधे गाळाचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो. तिथं होडी तरंगत नाही आणि पाय ठेवला तर माणूस मांडीपर्यंत जातो. म्हणून त्यानं ही गाडी कुठूनतरी जुनी विकत आणली, तर गाळात तिचीही चाकं रुतायला लागली. अशा गाड्यांच्या चाकांवर चढवायचे रबरी पट्टे मिळतात असं त्याला कळलं. ते त्यानं मागवले आणि गाडी आणि पट्टे दोन्ही दादाच्या दारात आणून टाकले. दादानं त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे पट्टे बसले की पहिली फेरी आमच्या आईची.

हे सांगायचं तर थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. दादाच्या आणि माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती थोडेच दिवस जगली. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात; तिला आमच्या शेतातल्या विहिरीजवळ पुरलं. पुढं धरण झालं, गाव उठलं, वडील आम्हाला घेऊन सोलापुरात आले. विहीर, शेत आणि ते बाळ, सगळं पाण्याखाली राहिलं. आई याबद्दल फारसं कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की जुन्या गावची, आमच्या शेतातली ती विहीर उघडी पडल्याचा फोटो कुणीतरी दादाच्या मोबाईलवर पाठवला. त्यानं तो सहज आईला दाखवला. आई मोबाईल हातातून सोडेना. पडद्यावरचा उजेड विझला की ती दादापुढं धरायची, दादा पुन्हा लावून द्यायचा. शेवटी म्हणाली, "मला तितं न्या." बाकी काही नाही. दादा दुसऱ्याच दिवशी बघायला गेला आणि कमरेपर्यंत गाळानं माखून परत आला. मासेमारी करणाऱ्यांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं होतं.

आणि वेळ थोडा होता. उजनीचं धरण सोलापूरच्या पावसाची वाट बघत बसत नाही. तिकडं वर घाटात पाऊस झाला की इकडं अंग भाजणारं ऊन असतानाच पाणी चढायला लागतं. रोज सकाळी चहाच्या आधी आई विचारायची, "वर पडला का गं?" मी बातम्या बघून नाही म्हणायचे, आणि मग ती चहा घ्यायची.

पट्टे चढवायच्या दिवशी तिनं घरी थांबायला साफ नकार दिला. गुडघे धरलेली बाई, पण रिक्षा करून चिंचोळीला आली आणि शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ठाण मांडून बसली. दादाकडं बरीच वर्षं काम करणारे मिस्त्री होते, त्यांनी तिच्यापुढं पंखा ओढून आणला. "अम्मा, आता बघा गंमत," म्हणाले.

पट्टे गुंडाळी करून आले होते. उलगडल्यावर शेडच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले. जाड काळं रबर, त्यावर हातभर रुंदीच्या आडव्या पट्ट्या, आणि आतल्या अंगाला दातांच्या दोन ओळी. चाकांनी त्या दोन ओळींच्या मधून चालायचं, म्हणजे पट्टा घसरत नाही. रीत तशी सोपी दिसत होती. चाकातली हवा काढायची. पट्टे जमिनीवर सरळ अंथरायचे. गाडी त्यांच्यावर नेऊन मधोमध उभी करायची. मग पट्ट्याची दोन्ही टोकं चाकांवरून वर ओढून आणायची, एकमेकांत अडकवायची आणि बिजागरीत घालतात तशी एक लोखंडी सळई आरपार घालायची. शेवटी चाकात हवा भरायची की चाकं फुगतात आणि पट्टा आतून ताणला जातो. ऐकून मी म्हटलं, "पँटीच्या कमरेत इलॅस्टिक घालतात तसंच की."

"तेवढंच," दादा म्हणाला.

ते तेवढंच नव्हतं. टोकं ओढून आणतानाच दादा आणि मिस्त्री घामानं निथळले. पट्टा एका बाजूनं वर आला की दुसऱ्या बाजूनं दातांवर चढायचा. दुपारपर्यंत दोन्ही सळया बसल्या आणि हवा भरायची वेळ आली. तिथं आम्ही सगळ्यांनी मिळून माती खाल्ली.

झालं असं की या चाकांना हवा लागते ती अगदी नावापुरती, फुग्यासारखी. शेडमधल्या मीटरचा काटा तेवढ्या हवेला जागचा हललासुद्धा नाही. आता आमच्याकडं उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या टायरची हवा मीटरनं कोण बघतो? चाकं खोलायची लोखंडी टॉमी घ्यायची आणि टायर ठोकायचा. टण वाजला की हवा बरोबर, भद्द वाजला की कमी. मिस्त्रींनी टॉमी उचलली. भद्द. थोडी हवा भरली. पुन्हा भद्द. दादा कान देऊन उभा. खुर्चीवरून आई म्हणाली, "भरा की अजून, पोकळ वाजतंय." ती शेतकऱ्याची लेक, तिलाही टायरचा आवाज कळतो. मीही मान डोलावली, मला काय कळतं म्हणून कोण विचारतंय! असं करत करत आठही चाकं टणाटण वाजायला लागली तेव्हा सगळ्यांचे चेहरे खुलले.

दादानं गाडी सुरू केली. दोन हात पुढं गेली, आणि वळवायला म्हणून त्यानं दांडी फिरवली मात्र, गाडीच्या पोटातल्या, चाकं फिरवणाऱ्या साखळ्यांचा असा करकर आवाज झाला की मिस्त्री मागं सरकले. इंजिन घुसमटून बंद पडलं. पट्टा ढोलाच्या चामड्यासारखा ताणला होता, चाकांना फिरायला जागाच नव्हती. वाकून बघितलं तर डाव्या पट्ट्याची सळई धनुष्यासारखी वाकलेली.

"मोडली का रं?" आईनं विचारलं.

"न्हाय आई, वाकलीय नुसती."

"मग सरळ करा की."

ती इतक्या शांतपणे म्हणाली की माझाच भडका उडाला. ही काय उसाची ट्रॉली आहे का, अक्कल गहाण टाकली का, असं बरंच काही मी दोघांना सुनावलं. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "ताई, हात सवयीचा गुलाम असतो." माझा राग खरं तर त्यांच्यावर नव्हता. त्या सकाळी वर घाटात ढग जमल्याची बातमी आली होती आणि मी ती आईला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला, "तुझा कपडे मापायचा टेप घेऊन ये." गाडीबरोबर आलेल्या चित्रांत दाखवलं होतं की हवा मोजता येत नसेल तर चाकाचा घेर मोजा, आठही चाकांचा घेर सारखा हवा. दादाच्या लोखंडी टेपला रबराभोवती धड गुंडाळता येईना. मी गेले, गुडघ्यावर बसले आणि पोरांच्या छातीचं माप घेते तसं एकेका चाकाचं माप घेतलं. एक चाक जुनं होतं, त्याचं रबर सैल पडलेलं; तेवढ्याच हवेत ते बाकीच्यांपेक्षा दोन बोटं जास्त फुगत होतं. म्हणजे गाडी पळवली तर ते चाक पट्ट्याला पुढं ढकलणार आणि बाकीची तीन मागं ओढणार. चौघंजण एका पाटावर बसून चार दिशांना ओढायला लागले तर पाटाचं काय होईल?

दादानं त्या सकाळीच लेथवर चांगल्या पोलादाच्या दोन नव्या सळया काढल्या होत्या. चाकं पुन्हा रिकामी करून पट्टे जोडले. मग मिस्त्री एकेका चाकात चिमूट-चिमूट हवा सोडायचे, मी टेप गुंडाळायचे, दादा आकडा पुकारायचा. एकाला पोटभर आणि दुसरा उपाशी असं नाही, सगळ्यांना घास-घास. शेवटी दादानं दोन चाकांच्या मधे पट्ट्यावर तळवा ठेवून दाबलं. पट्टा थोडा दबला आणि हात काढल्यावर परत वर आला. टॉमी कुणी हातात घेतली नाही.

शेडच्या मागं मोकळा प्लॉट आहे. तिथं शेजारच्या टाकीचं पाणी सांडून कायमची दलदल झालेली. गाडी तिकडं निघाली आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पर्समध्ये माझा खडू असतो, कापडावर खुणा करायचा. कशाला कोण जाणे, गाडी निघायच्या आधी मी पट्ट्याच्या एका आडव्या पट्टीच्या कडेवर खडूची रेघ मारली होती. गाडी चालायला लागली तशी ती रेघ वरून पुढं आली, पुढच्या चाकावरून खाली उतरली, चिखलाला टेकली आणि थांबली. खरंच थांबली. इंजिन गुरगुरतंय, दादा पुढं जातोय, चार चाकं तिच्यावरून एकामागून एक निघून जातायत, आणि माझी पांढरी रेघ चिखलात आहे तिथं स्वस्थ पडून आहे. सगळी गाडी निघून गेल्यावर मागच्या चाकानं तिला अलगद उचललं आणि वरून पुन्हा पुढं न्यायला सुरुवात केली. मी उकिडवी बसून पाहत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की रणगाडे वगैरे हे पट्टे जमिनीवर घासत, खरवडत नेतात. छे. ही गाडी स्वतःच्या पायघड्या स्वतः अंथरते, त्यांच्यावरून चालते आणि मागच्या मागं उचलून घेते. जमिनीला लागलेला तिचा भाग हलतच नाही. तिचं वजन सगळ्या पायघड्यांवर पसरतं, म्हणून तर जमीन तिला गिळत नाही.

मिस्त्री तिच्या मागोमाग दोन पावलं टाकायला गेले आणि घोट्यापर्यंत रुतले. एवढं धूड जिथून गेलं तिथं मात्र रबराचे नुसते वळ उठले होते, शेवया वाळत घातल्यावर चादरीवर उठतात तसे. "या अल्ला," मिस्त्री चिखलात उभ्या उभ्या म्हणाले.

आई खुर्चीवरून उठून दारापर्यंत आली होती. ती गाडीकडं बघत नव्हती, ते वळ बघत होती. "ही न्हेईल," म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. गाडी टेम्पोत, आम्ही मागून. मोहोळ, टेंभुर्णी आणि मग आतल्या कच्च्या वाटेनं पाण्याच्या कडेला. ठेकेदारानं आईला हात देऊन गाडीत बसवलं आणि स्वतः काठावर थांबला. फेरी आमची होती. वर घाटात आदल्या रात्री पाऊस झाला होता. आता ते आईलाही माहीत होतं. तिनं स्वतःच बातम्या ऐकल्या होत्या आणि त्या दिवशी चहा घेतला नव्हता.

समोर गाळ पसरलेला. करडा, ओला, आभाळाएवढा. दादानं गाडी त्याच्यात घातली तेव्हा मी एका हातानं आईला धरलं आणि बाहेर झुकून पट्ट्यावर नजर लावून बसले. पट्टा सुटला तर आम्ही तिघं त्या अफाट चिखलाच्या मधोमध, आणि वरून पाणी येतंय. पण तो एका चालीत फिरत राहिला. लांबवर उभे असलेले रोहित पक्षी आम्हाला बघून उठले आणि पुन्हा थोडं पलीकडं जाऊन बसले.

पुढं जुना ओढा होता, त्यात पाणी साठलेलं. दादानं वेग कमी केला. गाडी पुढून खाली झुकली, आणि मग खालून कुणीतरी उचलल्यासारखी ती सरळ झाली. आम्ही तरंगत होतो. तेच पट्टे आता पाणी मागं लोटत होते. त्यांच्या खाली जमीन नव्हती, तरी ते आम्हाला नेत होते. बेडकाची मी केलेली चेष्टा मला आठवली नसती तर बरं झालं असतं.

आईला मात्र यातल्या कशाचंच नवल वाटत नव्हतं. ती दुसरंच काही बघत होती. "हितं चिंच व्हती," ती सपाट गाळाकडं बोट दाखवून म्हणायची. "हितनं वाट गावात जायाची. त्यो दगूड दिसतुय न्हवं, तितं आमी धुणं धुवायचो." मला नुसता चिखल दिसत होता. तिला त्याच्यावर घरं, झाडं, माणसं, सगळं जागच्या जागी दिसत होतं, आणि आम्ही त्या गावावरून, त्याच्या छपरांना धक्का न लावता चाललो होतो. मला रडू आलं. कशाचं ते सांगता यायचं नाही. दुःख नव्हतं ते. एवढं मोठं काहीतरी आपल्या डोळ्यांपुढं चाललंय आणि ते झेलायला आपण फार लहान आहोत, असं वाटलं.

विहीर थोडी उंचावर होती. तिथला गाळ वाळून भेगाळला होता. विहिरीचं दगडी तोंड गाळानं भरलेलं, पण मोट ओढताना बैल ज्या उतारावरून चालायचे तो उतार ओळखू येत होता. दादानं इंजिन बंद केलं. आई पट्ट्यावर पाय देऊन उतरली, उताराच्या कडेनं थोडी चालली, मागं फिरली, थांबली. घरी खुर्चीशिवाय न बसणारी माझी आई सरळ भुईवर मांडी घालून बसली. तळहात जमिनीवर टेकवून म्हणाली, "हितंच."

तीच जागा होती का, मी सांगू शकत नाही. वर कितीतरी हात गाळ साचलेला. विचारायची माझी छाती झाली नाही.

तिनं पिशवीतून डबा काढला. मला वाटलं दूध असेल. डब्यात घुगऱ्या होत्या, उकडलेल्या हरभऱ्याच्या.

"या कशाला गं?" दादानं विचारलं.

"बारशाला करत्यात की." आईनं मूठभर घुगऱ्या भुईवर ठेवल्या. "बाराव्या दिसाच्या आदीच गेली. नाव घालायचं ऱ्हायलं तिचं."

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या वाकून कुर्र करते, नाव सांगते, आणि भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आमच्या आत्या कधीच्याच वारल्या. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. वाकत वाकत तिनं तोंड भुईला लावलं. कुर्र एवढं आम्हाला ऐकू आलं. नाव आलं नाही. इतकी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, ते आमच्यासाठी नव्हतंच.

ती तशीच वाकून राहिली. आम्ही दोघं केस पिकलेले, तिच्या मागं खांबासारखे उभे.

"उबं काय ऱ्हायलाय?" भुईवरूनच तिचा आवाज आला. "पाटीत मारा की."

दादानं हात उचलला. त्यानं तिच्या पाठीला नुसता हात लावला. मीही तसाच लावला.

"आसं न्हाय," आई म्हणाली. "जोरात मारा. भावंडं आल्यात म्हनून कळू दे तिला."

मग आम्ही दोघांनी तिच्या पाठीत जोरात धपाटे घातले.